चाचा, गिटार आणि तीन मिलिमीटर

भर मे महिन्यात चाकणमध्ये मरून रंगाचा स्वेटर घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कँटीनच्या पत्र्याखाली सगळे घामाने निथळत असायचे आणि हा गृहस्थ स्वेटरची वरची गुंडीसुद्धा लावून निवांत डाळभात कालवत बसायचा. नवीन लागलेल्या मुलांना वाटायचं, म्हाताऱ्याला हिवताप झालाय. तसं काही नव्हतं. चाचा आमच्या कंपनीच्या स्टँडर्ड रूमचे इनचार्ज होते आणि ती खोली बाराही महिने वीस डिग्रीवर ठेवलेली असे. जेवायला म्हणून अर्ध्या तासासाठी स्वेटर काढायचा आणि परत घालायचा, हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे.

आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवते. कारखान्यात मापं घेण्याची जेवढी म्हणून साधनं आहेत, ती खरं बोलतायत की नाही हे तपासण्याची जागा म्हणजे ही स्टँडर्ड रूम. त्या खोलीत मी चार वर्षं चाचांच्या हाताखाली काढली. मी सांगवीची, शिकलेली, इंजिनिअर वगैरे. चाचा दापोडीचे. त्यांचे वडील बाजारातल्या व्यापाऱ्यांचे तराजू दुरुस्त करायचे. कुणाचा तराजू किती झुकतो आणि मुद्दाम झुकतो की आपोआप, हे चाचांना शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं. आयटीआय नंतर झालं.

बाहेरून आलेला कुठलाही तुकडा ते लगेच मोजत नसत. उन्हातून आलेलं लोखंड फुगलेलं असतं, ते खोलीच्या तापमानाला यायला वेळ लागतो. "मुरू दे," म्हणायचे आणि तुकडा ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून द्यायचे. वीस मिनिटं. हा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. प्रॉडक्शनचे एक साहेब एकदा तावातावाने आत आले, माल रिजेक्ट का केला म्हणून. चाचांनी त्यांना स्टूल दिलं, दार लावलं आणि वीस मिनिटांनी आपण बोलू असं नम्रपणे सांगितलं. साहेब बसले. बसून बसून त्यांना थंडी वाजायला लागली. विसाव्या मिनिटाला ते जे काही बोलले, ते अगदी समजूतदारपणाचं होतं.

त्या खोलीत एका लाकडी पेटीत स्लिप गेजचा मास्टर सेट होता. स्लिप गेज म्हणजे पोलादाचे छोटे चपटे ठोकळे, प्रत्येकाची जाडी ठरलेली आणि पृष्ठभाग आरशासारखा. दोन ठोकळे एकमेकांवर घासत सरकवले तर नुसत्या सपाटपणाच्या जोरावर चिकटून बसतात. कारखान्यातलं प्रत्येक माप शेवटी या पेटीशी ताडून पाहायचं. रोजच्या वापराला दुसरा सेट होता. तपासणी सोडली तर मास्टर सेट त्या खोलीच्या बाहेर जात नसे आणि त्याला उघडा हात लागत नसे. कोवळ्या चामड्याच्या तुकड्यानेच उचलायचा. एकदा नवे प्लँट हेड कौतुकाने एक ठोकळा दोन बोटांत धरून उजेडात बघायला लागले. चाचांनी स्पिरिटची बाटली आणि चामडं साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. साहेबांनी आपल्या बोटांचे ठसे स्वतः पुसले आणि त्यानंतर ते त्या खोलीत हात पाठीमागे बांधून यायला लागले.

सेटमध्ये सत्त्याऐंशी ठोकळे. चाचा कामाला लागले त्याच वर्षी ही पेटी सीलबंद आली आणि सील त्यांनी फोडलं. अधूनमधून सेट तपासणीला बाहेरच्या प्रयोगशाळेत जायचा. तेव्हा चाचा गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसायचे आणि खड्डा आला की पेटी हातांवर उचलून धरायचे. एकतीस वर्षांत एकही ठोकळा नापास झाला नव्हता. फेब्रुवारीत ते रिटायर होणार होते आणि पेटीचा ताबा माझ्याकडे येणार होता. त्यांची एकच इच्छा होती आणि ती वॉचमनपासून प्लँट हेडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. "मी सत्त्याऐंशी घेतले, सत्त्याऐंशी देणार." घड्याळ नको, शाल नको, सत्कार नको. फक्त पेटी भरलेली द्यायची.

आता गिटारचं सांगते. संगीताच्या बाबतीत चाचा पार औरंगजेब होते. त्यांच्या लेखी जगात आवाज दोनच, एक कंपनीचा भोंगा आणि दुसरे इतर. रेडिओवर गाणं चालू आहे की बातम्या, हे ते शब्दांवरून ओळखायचे. मी मात्र कॉलेजपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. बरी वाजवते, फार नाही. माझी लाल गिटार एका मैत्रिणीने परदेशी जाताना मला देऊन टाकलेली. तिला तारा जिथे अडकतात तिथे ती दांडी असते ना, ट्रेमोलोची, तशी दांडी होती. दाबली की सूर खाली घसरतो, सोडली की वर येतो, आणि हलकेच हलवत राहिलं की सूर लाटेसारखा थरथरतो. आदल्या वर्षी कंपनीच्या स्नेहसंमेलनात मी पहिल्याच ओळीला हौसेने दांडी दाबली. सूर खाली गेला आणि जागेवर परत आलाच नाही. पुढची चार मिनिटं मी जे वाजवलं त्याचा व्हिडिओ सगळ्या शिफ्टच्या ग्रुपवर फिरला. वर्षभर लोक मला कँटीनमध्ये त्यातले सूर काढून दाखवत होते.

म्हणून या वर्षी शिफ्ट सुटल्यावर सराव करायचा ठरवून मी गिटार कंपनीत आणली आणि सुरक्षित जागा म्हणून स्टँडर्ड रूममध्ये ठेवली. चाचांनी आधी तिला मुरू दिलं. मग चष्मा कपाळावरून खाली घेऊन दांडीकडे पाहिलं आणि हिचं काम काय, असं विचारलं. ट्रेमोलो, असं मी सांगितलं. त्यांनी ते काय असतं ते खोदून खोदून विचारलं, रात्री मुलीच्या फोनवर शोधलं आणि सकाळी आल्याआल्या मला सुनावलं की ट्रेमोलो म्हणजे आवाज कमी-जास्त होणं. इथे सूर खाली-वर होतो, त्याला व्हायब्रेटो म्हणतात, आणि सत्तर वर्षं सगळी दुनिया चुकीचं लेबल लावून माल विकते आहे. हे त्यांना फार लागलं. चुकीचं लेबल त्यांच्या नजरेत चोरीच्या खालोखाल होतं.

मग त्यांनी गिटार पालथी घातली आणि मागचं झाकण उघडलं. आत खाचेत तीन स्प्रिंगा ताणून बसलेल्या. चाचा एकदा पुढून बघत, एकदा मागून. दांडी हळूच दाबत, सोडत. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"बेटा," ते म्हणाले, "हा तर तराजू आहे."

खरंच तो तराजू होता, मी इतकी वर्षं वाजवत असून मला दिसला नव्हता. ज्या पत्र्यावर तारा अडकवलेल्या असतात तो गिटारला पक्का बसवलेला नसतोच. त्याच्या पुढच्या कडेला धार असते आणि त्या धारेवर तो दोन खिळ्यांना टेकून तरंगत असतो. वरून सहा तारा त्याला पुढे ओढतात, पाठीमागून तीन स्प्रिंगा मागे ओढतात, आणि दोन्ही ओढ सारखी झाली की पत्रा लाकडाला समांतर उभा राहतो. दांडी दाबली की पत्रा पुढे कलतो, तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडली की स्प्रिंगा त्याला जागेवर आणतात. वडिलांच्या दुकानात तराजूची दांडी अशाच धारेवर टेकलेली असायची, हे चाचांनी मला त्या दिवशी निदान पाच वेळा सांगितलं. धार बोथट झाली की तराजू दर वेळी वेगळ्या जागी थांबतो. वडील पहिल्यांदा धारेला नख लावून बघायचे, म्हणून चाचांनीही लावलं आणि मान हलवली. माझ्या गिटारची धार गेली होती. वर्षभर मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस चाचा रोज जेवणाच्या सुटीत गिटारवर असायचे. धार त्यांनी तेलाच्या दगडावर स्वतः लावली, कुणाला हात लावू दिला नाही. वरच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात त्यांत पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे तारा अडखळणार नाहीत. मग पत्र्याला डायल गेज लावलं. डायल गेज हे सुई असलेलं साधन, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी हालचालसुद्धा दाखवतं. मी दांडी दाबायची, सोडायची, आणि चाचांनी सुई कुठे थांबली ते लिहायचं. असं रोज शंभर वेळा. सुराशी त्यांना कर्तव्य नव्हतंच. "कोणीपण खाली नेऊ शकतं," ते म्हणायचे, "परत शून्यावर आणतो तो कारागीर."

एक तार लावायला घेतली की बाकीच्या पाच उतरायच्या, कारण एकीची ओढ वाढली की पत्रा सगळ्यांनाच घेऊन सरकतो. मी वैतागायचे. चाचांना मात्र हीच गोष्ट फार आवडली होती. घरात एक जण उठून बसला तरी सगळ्यांना थोडं सरकावं लागतं, यात तक्रार काय करायची, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सगळं जुळलं तेव्हा पत्रा आणि लाकूड यांच्यामधली फट मोजली, बरोबर तीन मिलिमीटर. चाचांनी ती तक्त्यात लिहिली आणि गिटारच्या पाठीवर हिरवं स्टिकर चिकटवलं. तपासणी झाली, पुढची तपासणी सहा महिन्यांनी, खाली सही.

स्नेहसंमेलन दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत, दुपारी, कँटीनच्या शेडमध्ये होतं, म्हणजे सुटलेल्या आणि कामावर लागणाऱ्या अशा दोघांनाही बघता यावं. कार्यक्रमाच्या आधी फट एकदा पुन्हा मोजायची, असा चाचांचा हट्ट होता. पण रोजच्या वापराचा सेट नेमका तपासणीला गेलेला. मी म्हटलं, राहू द्या, कानाला ठीक वाटतंय. कानाला, हा शब्द त्यांना पटण्यासारखा नव्हता. ते तासभर खोलीत येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी मास्टर पेटी उघडली, तीन मिलिमीटरचा ठोकळा चामड्यात गुंडाळला, स्वतःच्या जेवणाचा स्टीलचा डबा धुऊन पुसून त्यात तो ठेवला आणि शेडकडे निघाले. एकतीस वर्षांत कामासाठी तो ठोकळा पहिल्यांदाच खोलीबाहेर पडला. स्टेजमागे त्यांनी तो फटीत अलगद सरकवून पाहिला. बरोबर होता. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं, लोकांनी चाचांना पुढे ओढून पहिल्या रांगेत बसवलं, आणि ते डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

आम्ही तिघं होतो. मी, पेंट शॉपचा ड्रमवाला आणि स्टोअर्सचा कीबोर्डवाला. पहिलं गाणं छान झालं. मी दांडी दाबली, सोडली, सूर जागेवर आला आणि समोर जे लोक व्हिडिओ काढायला फोन धरून तयार होते त्यांची निराशा झाली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझी सगळ्यात बारीक तार तुटली.

साध्या गिटारची एक तार तुटली तर पाच उरतात. या गिटारचं तसं नाही. एका बाजूची ओढ कमी झाली की पाठीमागच्या स्प्रिंगा जिंकतात, पत्रा मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात, प्रत्येक वेगळी. पुढच्या फटक्याला जो आवाज निघाला तो आदल्या वर्षीच्या आवाजाचा मोठा भाऊ होता. शेडमध्ये हशा पिकला. मला तिथून पळून जावंसं वाटलं, खरंच सांगते.

आवाज सगळ्यांनी ऐकला. पत्रा बसलेला फक्त चाचांनी पाहिला. ते उठले, स्वेटरसकट स्टेजवर चढले, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि डबा उघडला. चामडं बाजूला केलं. ठोकळा उघड्या बोटांनी उचलला.

"चाचा, नको," मी म्हटलं.

"दांडी दाब."

मी दाबली. पत्रा मागून वर उचलला गेला. चाचांनी ठोकळा त्याच्याखाली सरकवला, आणि सोड म्हणाले. मी सोडली. पत्रा ठोकळ्यावर येऊन टेकला, लाकडापासून बरोबर तीन मिलिमीटरवर, आणि पाचही तारा होत्या तिथे परत आल्या. स्प्रिंगांनी कितीही ओढलं तरी पत्रा आता त्याखाली जाऊ शकत नव्हता. ड्रमवाल्याने बिचाऱ्याने ठेका सोडला नव्हता. मी त्यात पुन्हा शिरले.

चाचा स्टेजच्या कडेलाच उभे राहिले. गाणं पुढे सरकत होतं आणि ओळीच्या शेवटी ती थरथर यायची जागा जवळ येत होती. दांडी दाबून सोडली की प्रत्येक वेळी तो पत्रा त्या आरशासारख्या पोलादावर आपटणार, हे मला कळत होतं. मी ती जागा सरळ वाजवून पुढे गेले. ठोकळा अजून वाचला असता. नुसता पुसून, तेल लावून पेटीत गेला असता. मी चाचांकडे पाहिलं. सूर-बेसूर काही न कळणारा तो माणूस माझ्या हाताकडे बघत होता, आणि हात दांडीवर गेला नाही हे त्याला बरोबर दिसलं होतं. त्यांनी आपला तळहात खाली केला आणि हवेत हळूच दाबून दाखवला. दाब.

मी दाबली. पुढच्या प्रत्येक ओळीला दाबली. पत्रा प्रत्येक वेळी टक करून ठोकळ्यावर यायचा, तो टक फक्त मला आणि त्यांना ऐकू येत होता, आणि गाणं असं काही रंगलं की दुसऱ्या शिफ्टचे लोक कामावर जायला तयार नव्हते. टाळ्या खूप पडल्या. मला त्यांचा आनंद झाला, पण नजर पत्र्याखालच्या ठोकळ्यावरून हलेना.

स्टँडर्ड रूममध्ये परत आल्यावर चाचांनी ठोकळा धुतला, मुरू दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पृष्ठभागावर दोन आडवे ओरखडे होते. शेजारच्या ठोकळ्यावर त्यांनी तो सरकवून पाहिला. चिकटला नाही. पुन्हा पाहिला. निसटला. मला रडू फुटलं. मी काय काय बोलत होते मला आठवत नाही, माझ्या एका फालतू गाण्यापायी वगैरे. त्यांनी मला स्टूल दिलं आणि बस म्हणाले, वीस मिनिटं. मग दोन चहा मागवले, आणि चहा त्या खोलीत येऊ देत नसल्यामुळे आम्ही दाराबाहेर उभं राहून प्यायलो.

आमचे क्वालिटीचे मॅनेजर चाचांना फार मानायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक मार्ग काढला. मास्टर सेट पुढच्या आठवड्यात तपासणीला जाणारच आहे, प्रवासात ओरखडा पडला असं लिहू. कुणी विचारणार नाही आणि चाचांच्या एकतीस वर्षांना डाग लागणार नाही. सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं, आणि मीच चाचांना सर्वांत जास्त आग्रह केला, हे कबूल करायला हवं. चाचांनी सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं.

"साहेब," ते म्हणाले, "जिंदगीभर लोकांच्या मापातली लबाडी शोधली मी. आता जाताना माझी एक ठेवून जाऊ?"



शेवटच्या दिवशी ताबा देण्याचा कागद त्यांनी कॉम्प्युटरवर भरू दिला नाही. टेबलाशी बसून, चष्मा पुसून, स्वतःच्या गोल अक्षरात लिहायला घेतलं. स्लिप गेज, मास्टर सेट. मिळालेले नग, सत्त्याऐंशी. दिलेले नग, शहाऐंशी. हा आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. माझ्याच्याने मात्र बघवेना. खाली नामंजूर नगाचा रकाना होता. तिथे तीन मिलिमीटर लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता. तिथे ते थांबले. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग दोन शब्द लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"सही कर, बेटा. वाचून कर."

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कामाला आला.'

मी सही केली. ती इतकी थरथरली होती की माझी म्हणून कुणी ओळखली नसती. चाचांनी कागद उजेडाला धरून ती नीट पाहिली, आणि एरवी केसाएवढा फरकही न चालवून घेणाऱ्या त्या माणसाने ती तशीच मंजूर केली.